खुर्ची डुगडुगेना

रविवारी दुपारी ताटं मांडता मांडता अक्काचा धक्का पाहुण्याच्या खुर्चीला लागला, आणि खुर्ची हललीच नाही.

अक्काने मुद्दाम कोपर मारून पुन्हा पाहिलं. खुर्चीचे चारही पाय जमिनीला धरून उभे, तपासणीच्या दिवशी पहिल्या बाकावर बसवलेल्या मुलांसारखे. ही खुर्ची डुगडुगत नाही म्हणजे काय? तिचा मागचा डावा पाय अक्काच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने बोटभर आखूड कापला होता. अक्काने हातातलं ताट खाली ठेवलं, धीर केला आणि बैठकीवर तळवा दाबला. एरवी तिथे एक गंजकी स्प्रिंग विंचवासारखी नांगी वर करून बसलेली असायची. आज हात आत गेला, अजून आत गेला, कुणीतरी मायेने ओंजळीत धरावा तसा क्षणभर राहिला आणि हलकेच वर आला.

घराला आग लागली असती तरी अक्काचा आवाज एवढा थंड झाला नसता. तिने सगळ्यांना हाक मारली आणि विचारलं, "खुर्ची कुणी चांगली केली?"

हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याही घरात कौतुकाने विचारला गेला असता. पण हे घर गादीकाम करणाऱ्यांचं. गावाच्या पाठीला आणि बुडाला सुख देण्यात पिढ्या गेल्या, आणि त्याच घराने एक खुर्ची जिवापाड वाईट ठेवली होती. आजोबा म्हणत, संकट हा पाहुणा असतो. दारातून घालवला तर खिडकीतून येतो, खिडकी लावली तर नळातून ठिबकतो. त्यापेक्षा त्याला रीतसर बसायला द्यावं, पुढ्यात ताट ठेवावं. फक्त बसायला द्यावं ते असं, की टेकला की उठावंसं वाटेल. म्हणून गावातल्या सगळ्यात नामांकित कारागिराने आपलं सगळं कसब पणाला लावून गावातली सगळ्यात वाईट खुर्ची घडवली. पाठ पुढे झुकलेली, एक हात उंच आणि एक खाली, बैठकीतून काथ्याच्या काड्या वर आलेल्या. घरावर वाईट दिवस आले की ती माळ्यावरून उतरायची आणि जेवायच्या टेबलाशी लागायची. पाहुण्याचं जेवण अळणी. आणि घरातल्या लहान मुलांना समोर बसवून त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचं:

*आला पाहुणा काळतोंड्या, द्या गं बसाया खुर्ची,*
*टोचता टोचता उठेल, धरेल वाट घरची.*

अक्का लहानपणी या खुर्चीसमोर बसली होती. वडिलांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या त्या वर्षी, आणि पुन्हा गावात ताप आला आणि आईचे केस सगळे गळले तेव्हा. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तिने भात गिळला होता, आणि एके दिवशी शाळेतून येऊन पाहते तो खुर्ची पुन्हा माळ्यावर. "गेला?" तिने विचारलं होतं. "गेला," आई म्हणाली होती आणि टक्कल खाजवत हसली होती. तेवढ्या एका हसण्यावर अक्काने पुढचं सगळं आयुष्य निभावलं. लग्न मोडलं तेव्हा, सुईने बोट सडलं तेव्हा. टोचतंय ना, मग उठेलच की.

या खेपेचा पाहुणा पाण्यातून आला. घरच्या गादी-कारखान्याच्या डोक्यावर इमारतीची टाकी होती. ती एका सकाळी फुटली आणि तळमजल्यावरचा कापूस, काथ्या, लोकर, सगळ्यांनी पोटभर पाणी पिऊन घेतलं. कापूस असा फुगला की दार उघडेना. बंबवाल्यांनी कुऱ्हाडीने दार फोडलं तेव्हा अर्धा सोफा जांभई दिल्यासारखा रस्त्यावर आला. पुढच्या आठवड्यात न्यायाधीशांसाठी शिवलेल्या आरामखुर्चीतून छत्रीएवढं अळंबं उगवलं. लोक ते बघायला यायचे. अक्काचा धाकटा भाऊ, कारखाना चालवणारा, तोही सगळ्यांबरोबर हसला, अळंब्यावरून हात फिरवला, घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. तो उठलाच नाही. जेवायला यायचा, पुन्हा आडवा. आधी थोडं बोलायचा, मग हूं म्हणायचा, मग तेही भिंतीलाच.

म्हणून खुर्ची खाली आली, आणि समोर बसायची पाळी आली टाचणीची.

टाचणी धाकट्याची मुलगी. दुसरीत होती, अंगाने काडी, आणि प्रश्न असे विचारायची की टोचलेलं दोन दिवस दुखावं. अक्काने तिला पाहुण्याची गोष्ट सांगितली, ओवी शिकवली, आणि पोरीने ती अशी मनावर घेतली की सगळ्या घराला लाज वाटावी. सकाळी ती खुर्चीला, "उठलात का," म्हणून विचारायची. शाळेतून आली की, "अजून इथेच?" म्हणायची, आणि आवाजात जराही राग नसायचा. परवा मात्र तिने अक्काला बाजूला घेऊन विचारलं होतं, "आत्या, त्याला टोचतच नसेल तर? काही लोकांना नाही टोचत." अक्काने तिला गप्प केलं होतं. तोच प्रश्न तिला स्वतःला रोज पडत होता.

आणि आता ही मऊ खुर्ची. आज, ज्या दिवशी भाऊने टायरवाल्याला चहाला बोलावलं होतं.

भाऊ म्हणजे अक्काच्या पाठचा, धाकट्याच्या आधीचा. तो वजनमापाच्या कार्यालयात होता, गावातल्या सगळ्या तराजूंचे कान पिळायचा आणि घरीही तराजू सोडायचा नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. कारखाना ओला, धाकटा आडवा, जागा विकत घ्यायला टायरवाला तयार. टायर भिजले तर कुणाचं काय बिघडतं? माणसाने वस्तुस्थितीला पारडं द्यावं. आज सगळ्यांनी हो म्हणायचं आणि संध्याकाळी किल्ली टायरवाल्याच्या हातात ठेवायची. अक्का नाही म्हणत होती, पण नाही का, ते तिला सांगता येत नव्हतं. कारखाना गेला तर धाकटा कशासाठी उठेल, एवढंच तिच्या पोटात होतं, आणि पोटातलं भाऊच्या तराजूत बसत नव्हतं.

खुर्चीभोवती सगळे गोळा झाले. भाऊने आधी मान तिरकी करून पाय पाहिले. मग पेला काठोकाठ भरून आणला आणि बैठकीवर ठेवला. थेंब सांडला नाही. "समतोल आहे," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याचा चेहरा उतरला.

वहिनी, भाऊची बायको, असल्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारी म्हणून घरात प्रसिद्ध होती. पहिल्या दिवशी पाहुण्याचं ताट बघून तीच म्हणाली होती, की जेवतो ना, मग भांडीही घासू दे त्याला. तिने आता पटकन खुर्चीपुढचं ताट उचललं. नेमकं आजच तिने विसरून सगळ्या भाजीत मीठ घातलं होतं. मऊ बैठक आणि वर मीठ, मग कोण मरायला उठतंय, असं काहीसं ती पुटपुटली.

मग आळ घ्यायला सुरुवात झाली. अक्काने भाऊकडे बघितलं. संकट मुक्कामाला राहावं आणि कारखाना विकावाच लागावा, असं घरात एकालाच वाटत होतं. भाऊ दुखावला. आपल्या हाताला सुई कशी धरतात तेही ठाऊक नाही, म्हणून तर आपण सरकारी नोकरीत आहोत, हे सगळ्या गावाला माहीत आहे, असं त्याने सुनावलं. मग त्याने टाचणीकडे पाहिलं. पोरीला पाहुण्याची दया येते, तिने आपली उशी घातली असेल. टाचणी म्हणाली, उशी तिने देऊ केली होती, पाहुण्याने घेतली नाही. वहिनी एकदम टाचणीच्या बाजूला गेली आणि भाऊवर उलटली. मुलीवर ढकलायला काय जातंय, तुम्ही कार्यालयात तरी गुन्हेगार असेच शोधता का, असं तिने विचारलं. सकाळपर्यंत ती टायरवाल्याच्या पक्षात होती.

"उशीवरून आठवलं," धाकटी म्हणाली.

धाकटी, टाचणीची आई, दवाखान्यात परिचारिका होती. नवरा आडवा झाल्यापासून ती दोन पाळ्या करत होती आणि घरी आली की उभ्याने झोपायची. आताही तिचे डोळे मिटलेलेच होते. "माझी उशी बारीक झालीये. मला वाटलं, डोक्यात काळजी फार, तिच्या वजनाने बसली असेल."

मग एकेकाने कबूल केलं. भाऊची उशी बारीक झाली होती. वहिनीची बारीक झाली होती. अक्काच्या उशीत तर खोळ तेवढी उरली होती. दिवस वाईट आहेत, उशाही खंगायच्याच, म्हणून कुणी कुणाला बोललं नव्हतं.

"कापूस चोरून चोराने करायचं काय," भाऊ म्हणाला, आणि खात्री करून घ्यायला म्हणून त्या खुर्चीवर बसला.

अक्का त्याला अडवणार होती. घरातलं कुणी कधी त्या खुर्चीवर बसलं नव्हतं, पाहुण्याच्या मांडीवर बसल्यासारखं झालं असतं. पण उशीर झाला होता. भाऊची पाठ टेकली. सकाळपासून टायर, किल्ली, वस्तुस्थिती असं काय काय कपाळावर घेऊन फिरणारा माणूस, त्याचे खांदे आधी सुटले, मग जबडा, मग बोटं. तो म्हणाला, की कारखान्याचं तसं आजच ठरवलं पाहिजे असंही काही नाही. अर्ध्या वाक्यात त्याने जांभई दिली. वहिनीने त्याला हाताला धरून उठवायचा प्रयत्न केला तर तो लहान मुलासारखा, "थांब ना गं," म्हणाला. वीस वर्षांच्या संसारात तिने हे शब्द ऐकले नव्हते. तिने हात सोडला आणि तोंड फिरवून उगीचच पेला पुसायला घेतला.

अक्काला मात्र धडकी भरली होती. दारात उभं राहून कुणी अख्खं घर गिळावं आणि घराने मिटक्या माराव्यात, तसं तिला वाटत होतं. तिने टाचणीला जवळ ओढलं.

"आत्या," टाचणी हळू आवाजात म्हणाली, "आता तो जाणारच नाही का?"

अक्काला तिची आई आठवली. ते टक्कल, ते हसणं. आपल्याला तसं हसता येतंय का हे तिने बघितलं, आणि येईना. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

टायरवाला चहाच्या आधीच आला होता. गोल, काळ्या कोटातला, घाम पुसणारा माणूस. बसायला जागा द्यावी तर टेबलाच्या खुर्च्यांवर ताटांची उतरंड झालेली, एकीत धाकटी झोपलेली, आणि पाहुण्याच्या खुर्चीत भाऊ घोरत होता. टायरवाला उभाच राहिला. टाचणीने त्याला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. काळा कोट, काळे हात, काळे बूट. तिला ओळख पटली.

"पाहुणे तुम्हीच ना?" तिने विचारलं. "तुमची खुर्ची काकाने घेतली. आता तुम्ही कधी जाणार?"

टायरवाला अवघडला. लगेच जाईन, बाळ, असं तो म्हणाला. फक्त किल्लीचं तेवढं बोलायचं होतं.

आणि मागच्या गॅलरीतून आवाज आला. ठक. जरा थांबून, ठक ठक.

"पाहुणाच ठोकतोय," टाचणी म्हणाली. मग गोंधळून टायरवाल्याकडे बघत राहिली. "रोज दुपारी ठोकतो. मी काकूला सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. वहिनीने नळावर ढकललं होतं. शाळेतून टाचणी यायची तेव्हा अक्का दवाखान्याच्या चादरी शिवायला गेलेली, धाकटी पाळीवर, भाऊ तराजूंकडे, वहिनी कारखान्याच्या गच्चीवर ओला कापूस उलथापालथा करण्यात. दुपारी घरात एक भिंतीकडे तोंड करून निजलेला माणूस आणि एक रिकामी खुर्ची, एवढंच असायचं. त्या दोघांकडे कोण बघतंय?

अक्का पुढे झाली. धाकट्याच्या खोलीचं दार तिने ढकललं. अंथरुणावर पांघरुणाखाली एक लोड निजला होता, भिंतीकडे तोंड करून.

गॅलरीत धाकटा जमिनीवर मांडी घालून बसला होता. दाढी वाढलेली, केसांत कापसाची फुलं. मांडीवर टाचणीचं अभ्यासाचं स्टूल उलटं धरलेलं, हातात आजोबांची बारक्या तोंडाची हातोडी. सगळं घर त्याच्याभोवती जमलं. झोपेतून उठलेला भाऊ, डोळे उघडलेली धाकटी, मागे पाऊलभर अंतर ठेवून टायरवाला.

भाऊने विचारायला सुरुवात केली. हे काय चाललंय, खुर्ची तू केलीस का, केव्हापासून, आम्ही इथे जीव टांगणीला लावून... धाकट्याने मान वर केली आणि काही बोलला नाही.

"बोल की," भाऊ म्हणाला. "महिनोन् महिने गप्प."

"काका, त्यांना विचारू नका," टाचणी म्हणाली. "त्यांच्या तोंडात खिळे आहेत."

होतेच. ओठांच्या कोपऱ्यातून एक बारीक काळं टोक दिसत होतं. या घरातलं पोर बोलायला शिकायच्या आधी एक गोष्ट शिकतं, की बैठक ठोकणाऱ्याच्या तोंडात मूठभर खिळे असतात आणि तेव्हा त्याला हसवायचं नाही, रडवायचं नाही आणि काही विचारायचं नाही. भाऊलाही ते ठाऊक होतं. तो गप्प बसला. सगळेच गप्प बसले, टायरवालासुद्धा, आणि धाकटा एकेक खिळा ओठांवर आणून, हातोडीच्या तोंडाने टिपून, स्टुलात मारत राहिला. ठक. ठक ठक. अक्काला वाटलं, इतके दिवस आपण एका मुक्या माणसाशी भांडत होतो. त्यातले किती दिवस तो मुका होता आणि किती दिवस त्याच्या तोंडात नुसते खिळे होते?

शेवटचा खिळा बसला. धाकट्याने जीभ गालातून फिरवली, काही उरलं नाही ना ते बघितलं. खूप दिवस बंद असलेलं फाटक उघडावं तसा त्याचा आवाज करकरला.

"रोज जेवताना समोर बघायचो," तो म्हणाला. "स्प्रिंग वर, काथ्या बाहेर, पाठ वाकडी. ताटावर बसलेलं ते ध्यान. अक्का, मला वाटायचं, हा मीच बसलोय. मग एक दिवस राहवेना. म्हटलं, निदान स्प्रिंग तरी दाबून टाकू." त्याने अक्काकडे चोरून पाहिलं. "मग एकदा हात घातल्यावर अर्धवट कसं सोडायचं. कापूस ओला होता सगळा, म्हणून उशा..."

धाकटी खाली बसली आणि त्याच्या केसांतली कापसाची फुलं वेचायला लागली, आणि वेचलेली आपल्या खिशात ठेवायला लागली. तिच्याच उशीतली होती ती.

अक्काला रागवायचं होतं, आणि राग सापडेना. पण टाचणी तिच्या हाताला लोंबकळून उभी होती. पोरीचा प्रश्न अजून हवेत तसाच होता, आणि तो बाप उठलाय की नाही हा नव्हता. अक्काने तिला एक गोष्ट सांगितली होती. त्या गोष्टीचं काय?

"केलीस ते केलीस," अक्का म्हणाली. "पण आता या पोरीला काय सांगू? तो टोचल्याशिवाय उठत नाही असं मी तिला शिकवलंय. तू त्याला गादी करून दिलीस."

धाकट्याने हातोडी खाली ठेवली. त्याला प्रश्न खरंच कळला नव्हता. तो टाचणीकडे वळला आणि धंद्यातली अगदी पहिली गोष्ट सांगावी तसं त्याने तिला सांगितलं.

"अगं, बैठक भरायची तर खुर्ची रिकामी लागते. माणूस बसलेला असताना त्याच्या बुडाखाली कापूस कसा भरणार? मी हात घातला तेव्हा तिथे कुणी नव्हतंच."

टाचणीने विचार केला. बराच वेळ केला. तिने ते आतून, बाहेरून, उलटं करून पाहिलं.

"म्हणजे तो आधीच गेला होता?"

"गेला होता."

"आणि आम्ही त्याला रोज जेवायला वाढत होतो?"

"मीठही नव्हतं त्यात," वहिनी म्हणाली, आणि हसू आवरायला तिने पेला तोंडाशी नेला.

अक्काने गॅलरीच्या कठड्याला टेका दिला. खाली रस्त्यापलीकडे कारखाना दिसत होता. फुटलेलं दार तसंच, आत ओल तशीच, गच्चीवरचा अर्धा कापूस अजून पिवळा. काही सुकलं नव्हतं. पण तिला आईचं ते हसणं आता कळलं. केस तेव्हाही आले नव्हते की. डोक्यावर एक केस नव्हता आणि आई म्हणाली होती, गेला.

टायरवाल्याने घसा साफ केला. किल्लीचं कसं करायचं, असं त्याने भाऊला विचारलं. भाऊने धाकट्याकडे पाहिलं, हातोडीकडे पाहिलं, मनातल्या मनात दोन्ही पारड्यांत काहीतरी ठेवलं आणि म्हणाला, की तुम्ही उभे का, आत चला, खुर्ची रिकामी आहे, बसून बघा. चहा होईस्तोवर टायरवाला त्या खुर्चीत बसला आणि किल्लीचं पुन्हा बोलला नाही.

टाचणी मात्र गॅलरीतून हलली नव्हती. तिला अजून एक टोचत होतं.

"बाबा, पण पुढचा येईल तेव्हा त्याला कुठे बसवायचं? वाईट खुर्ची आता राहिलीच नाही."

पुढचा येणारच नाही, असं म्हणायला वहिनीने तोंड उघडलं होतं. अक्काने तिच्या दंडावर हात ठेवला. धाकट्याने आपल्या मांडीवरचं स्टूल पाहिलं, नुकतंच ठोकलेलं, मऊ, चारी पायांवर सरळ. त्याने ते उलटं करून टाचणीपुढे ठेवलं, मागे हात घालून बारीक करवत काढली आणि तिच्या मुठीत दिली. मूठ आपल्या मुठीत धरली.

"हा पाय," तो म्हणाला. "बोटभर. आणि घाई करू नकोस, वाईट करायचं तर नीट वाईट कर."

अक्काने ओवी धरली. पहिल्या ओळीत टाचणीचा आवाज तिच्यात मिसळला, आणि दुसऱ्या ओळीत करवतीचा.